पोटभर जेवणाची अट : साताऱ्याचे सुखात्मे आणि ६० ग्रॅम प्रोटीन

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. या वेळी आकडे जरा जास्त आहेत आणि बसमध्ये कानात हेडफोन घालून आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून ते तेवढे नीट लिहून काढलेत.

आजचा विषय आहे प्रोटीन. पण जिमवाल्यांचं नाही. वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी झालेल्या माणसाचं प्रोटीन. तुम्ही म्हणाल, हा तर इतिहासाचा पॉडकास्ट, इथे हे कुठून आलं? थांबा जरा. ‘पोटभर जेव, प्रोटीन आपोआप मिळतं’ हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेलच. या एका वाक्यावरून साधारण ५० वर्षांपूर्वी जगभरातल्या शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला होता. आणि आजीच्या बाजूने उभा राहिलेला एक मोठा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला होता.

माझा यात काय संबंध, तेही सांगतो. गेल्या वर्षी माझ्या आईची पुण्यात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. घरी वाईला आलो तेव्हा डिस्चार्जच्या कागदांत आहारतज्ज्ञांची एक ओळ होती : रोज किमान ६० ग्रॅम प्रोटीन. आजीने ती ऐकली आणि म्हणाली, ‘आम्ही काय मोजून खाल्लं का गं? भाकरी-आमटी खाल्ली, रानात राबलो, झालो की मोठे.’ भेटायला येणारी प्रत्येक आत्या-काकू डब्यात मऊ काहीतरी घेऊन यायची. पेज, शिरा, साबुदाण्याची खीर. सगळ्यांची माया खरी होती. पण ६० ग्रॅम काही होत नव्हते. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे मी जे करू शकतो ते केलं : स्प्रेडशीट उघडली आणि जुने पेपर वाचायला घेतले.

शब्द आणि संकट

प्रोटीन हा शब्द १८३८ चा. डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने तो छापला, सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिल्या स्थानावरचं’. म्हणजे जन्मापासूनच या पदार्थाला मानाचं पान. आमच्या वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, त्यामुळे इथे ‘प्रथिने’ म्हटलेलं आवडतं. पण घरात सगळे प्रोटीनच म्हणतात, तर मीही तेच म्हणतो.

१९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, लहान मुलांच्या एका आजाराचं वर्णन केलं. पाय सुजलेले, पोट पुढे आलेलं, केसांचा रंग उडालेला. तिथल्या गा भाषेतला शब्द त्यांनी उचलला : क्वाशिओरकर. पाठचं भावंड आलं की अंगावरचं दूध तुटलेल्या मुलाला होणारा आजार. दुधाऐवजी मक्याची पेज मिळायची. निष्कर्ष निघाला की यात प्रोटीन कमी पडतंय.

पुढच्या ३० वर्षांत हा निष्कर्ष फुगत गेला. गरीब देशांत सगळीकडेच प्रोटीनचा खड्डा आहे, असं मानलं जाऊ लागलं. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रोटीनसाठी खास सल्लागार गट नेमला. माशांचं पीठ, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ, एवढंच काय तर पेट्रोलियमवर वाढवलेल्या यीस्टपासून प्रोटीन काढायचे प्रयोग झाले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आला, त्याच्या नावातच ‘येऊ घातलेलं प्रोटीन संकट’ होतं.

बुधचे सुखात्मे

आता आपला माणूस. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध, खटाव तालुका, जिल्हा सातारा. वाईहून गेलात तर कृष्णेचं हिरवं खोरं मागे टाकून पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात जावं लागतं. पुण्याचं फर्ग्युसन, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्रात पीएचडी. १९५१ मध्ये ते रोमला एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले आणि तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगात किती लोक उपाशी आहेत, हे मोजायचं कसं, हा प्रश्न जवळपास २० वर्षं त्यांच्या टेबलावर होता.

सुखात्मे डॉक्टर नव्हते, डेटावाले होते. मला ते आवडण्याचं एक कारण हेच. त्यांनी भारतातल्या घराघरांच्या आहाराच्या पाहण्या घेतल्या आणि साधा प्रश्न विचारला : ज्यांना प्रोटीन कमी पडतंय, त्यांना कॅलरी पुरतायत का? १९७० मध्ये त्यांचा पेपर ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आला. उत्तर असं होतं की भारतातलं नेहमीचं जेवण, म्हणजे धान्य आणि सोबत थोडी डाळ, पुरेशा प्रमाणात खाल्लं तर प्रोटीनची गरजही बहुतेक वेळा त्यातच भागते. प्रोटीन कमी पडतं ते मुख्यतः जेवणच कमी पडतं म्हणून. खड्डा प्रोटीनचा नाही, ताटाचा आहे.

यामागचं शरीराचं गणित समजून घ्या, कारण पुढे सगळं याच्यावरच उभं आहे. शरीराला आधी इंधन लागतं. कॅलरी कमी पडल्या की शरीर खाल्लेलं प्रोटीनसुद्धा चुलीत घालतं. स्नायू बांधायला आणलेलं लाकूड सरपण म्हणून जळतं. अशा माणसाला महागडी प्रोटीन पावडर दिली तरी तिचा मोठा भाग इंधन म्हणूनच खर्च होणार. त्यापेक्षा त्याला पोटभर भाकरी द्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांचाही अनुभव त्याच दिशेचा होता : कुपोषित मुलांच्या आहारातली पहिली अडचण कॅलरींची. १९७३ मध्ये एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात प्रौढांची प्रोटीनची गरज किलोमागे ०.५७ ग्रॅमपर्यंत खाली आली. आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी लॅन्सेटमध्ये लेख लिहिला, त्याचं नावच ‘प्रोटीनचा महाफज्जा’ अशा अर्थाचं. काही वर्षांत ‘प्रोटीन संकट’ हा शब्द मागे पडला.

याच काळात, १९७२ च्या दुष्काळात, माण-खटावचे लोक रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते. तेव्हाची मिलो ज्वारी आणि सुकडी अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. त्या माणसांना ‘तुम्हाला प्रोटीन कमी पडत होतं का?’ असं विचारून बघा. ते म्हणतील, अन्नच कमी पडत होतं. सुखात्म्यांचा मुद्दा त्यांच्याच तालुक्यात उभा होता.

म्हणजे आजी जिंकली? थांबा.

अट वाचायची राहिली

सुखात्म्यांच्या वाक्यात एक अट आहे. कोडमध्ये ‘इफ’ असतो ना, तशी. ‘पोटभर जेवलात तर.’ बॅरिॲट्रिक ऑपरेशनमध्ये नेमकी ही अटच काढून टाकतात.

या ऑपरेशनचा इतिहासही थोडक्यात बघू. १९५४ मध्ये मिनेसोटाच्या सर्जननी लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळायची पद्धत मांडली. खाल्लेलं अंगी लागू द्यायचं नाही, हा विचार. वजन उतरायचं, पण जुलाब, प्रोटीनची कमतरता, लिव्हर निकामी होणं, अशी किंमत मोजावी लागायची. पुढे ती पद्धत बंद पडली. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केलं. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका बारीक राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९७६ मध्ये इटलीत जेनोआच्या निकोला स्कोपिनारो यांनी आणखी एक बायपास आणलं. वजन कमी करण्यात ते जबरदस्त, पण प्रोटीनचं कुपोषण ही त्याची ओळखीची गुंतागुंत. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या इतिहासात प्रोटीन पहिल्यापासून सावलीसारखं मागे आहे.

स्लीव्ह हा आधी एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होता. अतिशय जाड पेशंटवर सगळं एकदम करणं धोक्याचं, म्हणून आधी फक्त जठर अरुंद करायचे. मग दिसलं की अनेकांचं तेवढ्यानेच भागतंय. २००० नंतर ते स्वतंत्र ऑपरेशन म्हणून रुळलं. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो बातम्यांतून : २०११ मध्ये नितीन गडकरींचं ऑपरेशन झालं तेव्हा, आणि २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी मुंबईत आली तेव्हा.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरतं ते १०० ते १५० मिलीचं, म्हणजे साधारण चहाच्या कपाएवढं. पहिले काही महिने दिवसाला ६०० ते ९०० कॅलरीच जातात. आता सुखात्म्यांचंच गणित लावा. कॅलरी मुद्दाम तोडल्यात. चूल पेटायला सरपण हवंच, ते चरबीतून यावं अशी आपली इच्छा आहे. पण प्रोटीन बाहेरून आलं नाही तर शरीर स्नायूंनाही हात घालतं. म्हणून गरज कमी होत नाही, उलट वाढते. आयसीएमआरचा २०२० चा आकडा निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. ऑपरेशननंतर मात्र बॅरिॲट्रिक सर्जरीच्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान ६० ग्रॅम, आणि आदर्श वजनाच्या किलोमागे १.५ ग्रॅमपर्यंत सांगितलंय.

तर आजी चूक नव्हती आणि आहारतज्ज्ञही चूक नव्हत्या. दोघींच्या वाक्यामागचं शास्त्र एकच आहे. फक्त आजीच्या वाक्यातलं पोट मोठं होतं.

वाईचं ताट, स्प्रेडशीटमध्ये

आता आकडे. हे सगळे अंदाजे आहेत, वाण आणि शिजवण्याप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात.

दिवसाला २००० कॅलरीचं आपलं साधं जेवण घ्या. ३५० ग्रॅम धान्य, ज्वारी-गहू-तांदूळ मिळून : साधारण ३५ ग्रॅम प्रोटीन. ६० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य : १३ ग्रॅम. पाव लिटर दूध : ८ ग्रॅम. झाले ५६. भाजीपाल्याचे दोनचार धरा, साठीला टेकलो. सुखात्मे बरोबर!

आता हेच ताट आहे तसंच ठेवून ७०० कॅलरींवर आणा. प्रोटीन उरतं सुमारे २० ग्रॅम. ४० ग्रॅमचा खड्डा. या वेळी खड्डा खरोखर प्रोटीनचा आहे.

म्हणून प्रश्न बदलतो. ‘यात प्रोटीन आहे का?’ असं विचारायचं नाही, कारण थोडं प्रोटीन बहुतेक सगळ्यात असतं. विचारायचं, ‘दर १०० कॅलरीमागे किती?’ नेहमीच्या जेवणात हा आकडा ३ च्या आसपास असतो. ७०० कॅलरीत ६० ग्रॅम बसवायचे तर तो साडेआठ लागतो. जवळपास तिप्पट.

या फुटपट्टीवर आपले पदार्थ असे लागतात :

- ज्वारीची भाकरी : ३
- शेंगदाणे : साडेचार
- पनीर : साडेसहा
- तूरडाळ, मूग, मटकी, घेवडा : साडेसहा ते सात
- अख्खं अंडं : ८
- साय काढलेलं दूध आणि त्याची पावडर : १०
- सोयाबीनच्या वड्या : १५
- चिकनचा छातीचा भाग, अंड्याचा पांढरा, व्हे पावडर : २० च्या आसपास

शेंगदाण्याचं बघून मलाही आश्चर्य वाटलं. दाण्याच्या लाडवात प्रोटीन आहेच, पण त्याच्याबरोबर तेल इतकं येतं की कॅलरीचं बजेट आधी संपतं. पिठल्याचंही तसंच : बेसन चांगलं, फोडणीचं तेल आकडा खाली ओढतं. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, म्हणून ऑपरेशननंतर उपासाची खिचडी म्हणजे जागा अडवून बसलेला पाहुणा. आणि आजारी माणसाला आपण मायेने देतो ते वरणावरचं पाणी आणि भाताची पेज? पचायला हलकं आहे, पण प्रोटीन खाली डाळीत राहिलेलं असतं. सुरुवातीच्या पातळ आहाराच्या दिवसांत म्हणूनच डॉक्टर प्रोटीनची पावडर देतात. पाण्यासारख्या पदार्थातून ६० ग्रॅम आणायचा दुसरा सोपा रस्ता नाही.

घट्ट खाणं सुरू झाल्यावर मात्र आपल्या भागात पर्याय भरपूर आहेत. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन आहे, तो रात्रभर भिजवून मऊ शिजवून मॅश केला की छान लागतो. दूध तर सातारा-सांगलीत मुबलक. साय काढलेल्या दुधात दोन चमचे दूध पावडर मिसळली की एका कपात १४ ग्रॅम होतात, फक्त दूध बाधत नाही ना ते बघायचं. कमी फॅटच्या दह्याचा साखर न घातलेला चक्का, दाट मुगाचं वरण, दोन अंडी, ३० ग्रॅम सोया वड्या किंवा त्याऐवजी थोडं चिकन. वाटून वाटून पाच-सहा वेळा खाल्लं तर ५५-६० पर्यंत पोचता येतं. कमी पडेल ते पावडरने भरायचं. आमच्या घरात आता नियम आहे : ताटात प्रोटीन आधी, मग भाजी, भाकरीचा तुकडा शेवटी. आजीला ‘प्रोटीन’ नको वाटतं, ती म्हणते ‘आधी डाळ संपव’. चालतंय की.

डब्यावरचं सगळंच प्रोटीन नसतं

पावडरबद्दल इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन या डॉक्टरचं ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक आलं. जेवण बंद, फक्त बाटलीतलं पातळ प्रोटीन, दिवसाला जेमतेम ३००-४०० कॅलरी. लाखो लोकांनी ते केलं. ते प्रोटीन बनायचं कत्तलखान्यात उरलेल्या कातडी आणि स्नायुबंधांपासून, म्हणजे कोलॅजेन. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं आवश्यक अमिनो ॲसिड नसतंच. १९७७ च्या सुमारास ५० हून जास्त मृत्यूंची नोंद झाली, अनेकांचं हृदयाचं ठोक्यांचं गणित बिघडलं होतं. त्यात क्षारांची कमतरता आणि उपासमार यांचाही भाग होता. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असे प्रयोग का करू नयेत, याचा हा धडा.

आज केसांसाठी, त्वचेसाठी म्हणून कोलॅजेनचे डबे ऑनलाइन पुन्हा मिळायला लागलेत. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. झपाट्याने उतरणारं वजन हे त्याचं मोठं कारण, प्रोटीन, लोह, झिंक कमी पडलं तर आणखी भर. अशा वेळी माणूस घाबरून नेमका हाच डबा मागवतो. कोलॅजेन खाल्लं तर खा, पण ते ६० ग्रॅममध्ये मोजू नका. व्हे, दूध, अंडं, सोया मोजा.

सुखात्म्यांवरची टीका

सुखात्म्यांची बाजू सांगितली तर विरोधी बाजूही सांगायला हवी. रोमहून ते पुण्याला परतले आणि पुढे त्यांनी मांडलं की माणसाची गरज रोज बदलते, कमी अन्नाशी शरीर काही प्रमाणात जुळवून घेतं, त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित मोजू नये. इथे पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर त्यांच्याशी भिडले. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० कॅलरींच्या आधारावर भारतातली गरिबी मोजली होती. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर रंगला. आणि प्रोटीनच्या मुद्द्यावर सोबत असलेल्या गोपालन यांनी इथे वेगळी वाट धरली : शरीर जुळवून घेतं ते फुकट नाही. उंची, ताकद, कामाची क्षमता यांतून ते किंमत वसूल करतं.

गोपालन यांचं हे म्हणणं ऑपरेशन झालेल्या घरात भिंतीवर लावावं असं आहे. कारण प्रोटीन कमी पडलं तर लगेच काही दिसत नाही. वजनकाटा खूश असतो, दर आठवड्याला आकडा उतरतोय, नातेवाईक कौतुक करतायत. पण उतरणाऱ्या किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. ते सांगतं जिना चढताना भरून येणारी मांडी, न सोडणारा थकवा, पायावरची सूज. असं काही दिसलं तर स्प्रेडशीट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. रक्ताच्या तपासण्या वेळेवर करा. बी-१२, लोह, व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्या हा तर वेगळ्या एपिसोडचा विषय आहे. आणि किडनीचा आजार असेल तर ६० चा आकडाही आपल्या मनाने धरू नका, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

सुखात्मे १९९७ मध्ये गेले. ‘पोटभर जेवा’ हे त्यांनी ज्या भारताला सांगितलं, तिथे प्रश्न रिकाम्या ताटाचा होता. आज त्याच जिल्ह्यात रिकामी ताटंही आहेत आणि बॅरिॲट्रिकचे पेशंटही आहेत. दोघांना एकच सल्ला चालणार नाही. पण दोघांसाठी पहिला प्रश्न मात्र सुखात्म्यांनी शिकवलेलाच : या माणसाच्या पोटात दिवसभरात एकूण जातंय किती?

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर हा भाग पेशंटला नंतर पाठवा, आधी डबा घेऊन येणाऱ्या आत्या-मावशीला पाठवा. शिऱ्याऐवजी दाट वरण आणा, एवढंच सांगा. भेटूया पुढच्या भागात.